थंड टायरला विचारावं

फणसेकाका म्हणायचे, हवा सकाळीच मोजावी.
ऊन लागलेला, दहा मैल धावलेला टायर
खरं सांगत नाही, फुशारकी मारतो.
म्हणून पावणेसहाला, फतेगंजच्या पंपावर,
भूगर्भशास्त्र विभागाची जीप अजून दवाने ओली
आणि काका एकेका चाकाशी उकिडवे,
घरातल्या चौघांची तब्येत विचारावी तसे.

पुढे अठ्ठावीस. मागे चौतीस.
मागे जास्त का, मी विचारलं होतं पहिल्याच वर्षी.
"आठ पोरं बसणार, बाई,
आणि येताना तुमचे दगड."
पंपावरचा भरत सगळ्यांनाच चाळीस मारायचा,
रिक्षा असो की टेम्पो. "चालशे, काका."
"चालतं रे सगळंच.
थांबताना कळतं."

सिंधरोटच्या पुढे डांबर संपतं.
महीची कोतरं, पिवळी, भुसभुशीत,
आणि खाली नदीची रेती, जिच्यावर
चौतीस पौंडाचा टायर म्हणजे सुरी:
कापत जातो, मग स्वतःच्याच कापात बसतो.
काका उतरायचे. बाभळीचा एक काटा
वॉल्व्हच्या पिनेवर टेकवून
मान वळवून नदीकडे बघत राहायचे.
फतेगंजची पहाट, रबराचा वास लागलेली,
तिथे सुटायची, फुस्स करत, झाऊच्या झुडपांत.
पंचवीस. बावीस. अठरा.
टायर बसका व्हायचा, पोट सुटल्यासारखा.
पोरं हसायची.
"गावात घोड्याचा खूर, इथे उंटाचं पाऊल.
पाऊल मोठं केलं की वजन कमी होतं."
"वजन तेवढंच राहतं, काका," एक हुशार मुलगा म्हणाला.
"हो ना," काका म्हणाले,
"फक्त रेतीला ते कळत नाही."

परतताना, डांबराच्या तोंडाशी, पायपंप.
माणशी चाळीस दाब.
कुणी गुजरातीत मोजायचं, कुणी मराठीत,
कोट्टयमची एक मुलगी तिच्या भाषेत,
आणि फक्त तिचीच मोजणी कधी चुकली नाही.

एका फेब्रुवारीत मला घाई होती.
सहाला बैठक, बढतीची यादी,
डोक्यात थोडी हवा गेलेलीच.
म्हटलं, राहू द्या काका, पंधरा किलोमीटर तर आहे.
त्यांनी पंपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
पंप परत मागे ठेवला.

सेवासीच्या अलीकडे वास आला.
मग मागचं डावं चाक
ओल्या गोणपाटासारखं रस्त्यावर आपटत राहिलं,
किती वेळ, सांगता येत नाही.
कोणाला लागलं नाही. पेट्या सांडल्या,
दगडांवरच्या चिठ्ठ्या उडाल्या.
तीन नमुने अजून कपाटात आहेत, गाव नसलेले.
लॉगबुकात काकांनी लिहिलं:
टायर फुटला. हवा कमी. चालकाची चूक.
मी खाली सही केली,
अधिकाऱ्याच्या रकान्यात.

आता माझ्या गाडीत चारी चाकांचे आकडे
न मागता समोर दिसतात.
तरी डिकीत एक पितळी गेज आहे,
काकांनी निवृत्तीच्या दिवशी दिलेलं, रुमालात गुंडाळून.
"दोन पौंड जास्त दाखवतं, बाई. वजा करत जा."
दुरुस्त करून मिळेल, अलकापुरीत एक माणूस आहे.
मी केलं नाही.

पावणेसहा. भरतचा मुलगा पाइप घेऊन येतो.
"केटली?"
मी उकिडवी बसते, गुडघे वाजतात.
आधी कुठे जायचं ते ठरवावं, मग आकडा,
आणि आज मी काहीच ठरवलेलं नाही.
गेज चौतीस म्हणतं.
बत्तीस, मी म्हणते,
थांब जरा.